दलाल कोणाचा?

'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' ही म्हण आपल्या सर्वांच्या कानांवरून लहानपणापासून गेलेली आहे. ज्या शहाण्याने ती केली त्याच्या काळी घर बांधले जात असे. आज ते बहुधा विकत घेतले जाते, आणि विकत घेताना होणाऱ्या फरफटीसाठी नवी म्हण अजून कोणी केलेली नाही. जळगाव काय किंवा धुळे काय, चार माणसे ओट्यावर बसली की प्लॉटच्या भावाची गोष्ट निघते, आणि भावाची गोष्ट निघाली की मागोमाग दलालाची. एक पक्ष म्हणतो, "दलालाच्या नादी लागू नका, दोन टक्के जातात ते जातात, वर मनस्ताप." दुसरा पक्ष म्हणतो, "दलालाशिवाय घर मिळवून दाखवाच." दोन्ही पक्ष तावातावाने बोलतात, पण माझ्या मते दोघेही भलत्याच प्रश्नावर भांडत असतात. दलाल घ्यावा की न घ्यावा, हे दुय्यम आहे. तो कोणाचा, हे आधी विचारले पाहिजे.

कला शाखेच्या वार्षिकात हा व्यापारी विषय कशाला, अशी शंका कोणी घेईल. ज्यांना शंका येईल त्यांनी आपल्याच वर्गाकडे एकदा नजर टाकावी. यावल, रावेर, चोपडा, शिरपूर, साक्री, शिंदखेडा या तालुक्यांतल्या खेड्यांतून आलेली किती मुलेमुली आपल्यात आहेत! त्यांच्यापैकी अनेकांच्या घराण्यातले शहरातले पहिले घर येत्या दहा-पंधरा वर्षांत घेतले जाईल. वडिलांचा भविष्यनिर्वाह निधी, आईचे मोडलेले दागिने, नाहीतर विकलेला शेताचा तुकडा, यांतून ते उभे राहील. आणि त्या व्यवहारात समोर आलेले कागद वाचू शकेल असे घरातले माणूस बहुधा हा विद्यार्थी किंवा ही विद्यार्थिनीच असेल. तेव्हा विषय आपला आहे.

दलाल हा शब्द अरबीतून आपल्याकडे आला. मुळात त्याचा अर्थ वाट दाखवणारा. मराठीत येईपर्यंत त्याची रया गेली आणि तो जवळजवळ शिवीसारखा झाला. म्हणूनच आज कोणी आपल्या पाटीवर 'दलाल' असे लिहीत नाही, 'प्रॉपर्टी डीलर' किंवा 'इस्टेट एजंट' असे लिहितो. पाटी बदलली तरी काम तेच.

खानदेशात घरासाठी दलाल लागावा ही गोष्ट फार जुनी नाही. १८१९ साली कॅप्टन ब्रिग्जने धुळ्याची नवी पेठ वसवायला घेतली तेव्हा जो येईल त्याला घरासाठी जागा कायमची बिनभाड्याने मिळत होती, शिवाय पक्के घर बांधण्यासाठी सरकारातून उचल दिली जात होती. ज्या गावात जागा घ्या म्हणून विनवावे लागते तेथे दलालाचे काय काम? पुढे गल्ल्या भरल्या, नंबर पडले. तरीही गल्ली नंबर चारमधले घर विकायचे आहे ही बातमी पाच नंबरच्या गल्लीत आपोआप पोचत असे. घर कोणाचे, वाटण्या झाल्या की नाहीत, थोरल्या भावाने सही दिली की अडून बसला, हे सगळे गावाला ठाऊक असे. गावाची ही स्मरणशक्ती हाच तेव्हाचा दलाल होता आणि तोच वकीलही होता.

शहरे वाढली तशी ही स्मरणशक्ती कमी पडू लागली. जळगावात पिंप्राळ्याकडे, मेहरुणकडे, निमखेडीकडे. धुळ्यात पांझरेपलीकडे देवपुरात आणि पुढे वलवाडीकडे, साक्री रस्त्याला शेते मोडून प्लॉट पडले. २००३ साली दोन्ही शहरांत महानगरपालिका आल्या. जिथे परवापर्यंत कापूस होता त्या गट नंबरातले शंभर प्लॉट शंभर वेगवेगळ्या गावांच्या माणसांनी घेतले. तेथे कोणाला कोणाचे काय माहीत असणार? माहिती विकत घ्यावी लागू लागली, आणि जिथे माहिती विकली जाते तिथे दलाल उभा राहतोच.

"दलाल नको, ओळखीतून घर बघा," असे सांगणारे लोक मला नेहमी थोडे भाग्यवान वाटतात. ओळखीतून घर मिळण्यासाठी आधी ओळख असावी लागते. ज्याचे मामा जिल्हा परिषदेत आहेत, मेहुणे बांधकाम व्यवसायात आहेत, त्याने दलाल नको म्हणावे; त्याला दलाल फुकट मिळालेलाच आहे. पण सातपुड्याच्या पायथ्याकडून नोकरीच्या निमित्ताने आलेला पावरा समाजातला तरुण शिक्षक, किंवा गावात आपल्या समाजाचे चारच उंबरे असलेला माणूस, त्याने कोणाचे दार ठोठवावे? ज्याला दलालाची खरी गरज आहे तो हाच. आणि नेमकी यालाच दलालाकडून सर्वांत वाईट वागणूक मिळते. खोल्या किती हव्यात, हा दलालाचा पहिला प्रश्न नसतो. पहिला प्रश्न आडनावाचा असतो. आडनावावरून उलगडा झाला नाही तर "म्हणजे तुम्ही कोण?" मग "नॉनव्हेज चालते का?" आणि मग त्या कॉलनीतला प्लॉट कालच गेलेला असतो. दलालाला विचाराल तर तो म्हणेल, "आप्पा, माझे काय आहे? मालकाची अट आहे." यात खोटे काही नाही. पण अट मालकाची असली तरी ती राबवण्याचे काम तो पैसे घेऊन करतो. आमच्या शहरांच्या कॉलन्या जातवार आणि धर्मवार विभागल्या गेल्या आहेत त्याचा नकाशा नगररचना विभागात सापडणार नाही, दलालाच्या डोक्यात सापडेल.

आता थोडे कापसाकडे वळतो. हे विषयांतर नव्हे. दलाल या प्राण्याचा जितका अनुभव खानदेशाच्या शेतकऱ्याला आहे तितका क्वचितच कोणाला असेल, आणि तो अनुभव घर घेताना आपण का वापरत नाही याचे मला नवल वाटते. जुन्या बाजारात रुमालाखाली बोटे धरून भाव ठरत असे. त्या बोटांची भाषा अडत्याला कळे, व्यापाऱ्याला कळे. ज्याचा माल त्याला मात्र कळत नसे. अडत्या नावाला शेतकऱ्याचा माणूस. तो रात्री उतरायला जागा देई, मुलीच्या लग्नाला उचलही देई. पण शेतकरी वर्षातून चार वेळा यायचा आणि व्यापारी रोज भेटायचा. मग अडत्या मनाने कोणाचा होणार? १९२७ च्या मुंबई कापूस बाजार कायद्यापासून १९६३ च्या बाजार समिती कायद्यापर्यंत जी धडपड झाली तिचे सार हेच, की भाव उघड्यावर बोलला जावा, परवाना असल्याशिवाय कोणी अडत करू नये, आणि अडत किती व कोणाकडून घ्यायची ते आधी ठरलेले असावे.

अडत्याला अजिबात काढून टाकण्याचाही प्रयोग महाराष्ट्राने करून पाहिला. १९७२ साली कापूस एकाधिकार खरेदी योजना आली. सरकार हाच एकमेव खरेदीदार झाला. हेतू चांगला होता. पण केंद्रावर गाड्यांच्या रांगा लागल्या, चुकारे लांबले, आणि बाहेर भाव चढा असला की हद्दीपलीकडे मध्य प्रदेशात, गुजरातेत कापूस जाऊ लागला. तो नेणारेही पुन्हा मध्यस्थच! मध्यस्थ हटवता येत नाही असे मी म्हणत नाही. त्याचे काम दुसऱ्या कोणी तरी तितक्याच चोख केल्याशिवाय तो हटत नाही, एवढेच म्हणतो. पुढे २०१६ साली फळे-भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यावी असे राज्य सरकारने ठरवले, तेव्हा केवढा गदारोळ झाला! पैसे कोण देतो यावर माणूस कोणाचा हे ठरते, हे त्या गदारोळात सर्वांनाच दिसले.

घराच्या दलालाला पैसे कोण देतो? आपल्याकडे बहुधा दोघेही. चाळीस लाखांचे घर धरा. दोन टक्क्यांनी घेणाऱ्याकडून ऐंशी हजार, विकणाऱ्याकडून ऐंशी हजार, एकूण एक लाख साठ हजार. आता तुम्ही म्हणालात, "जरा भाव तोडून द्या," आणि त्याने खटपट करून दोन लाख कमी करवले, तर तुमचे दोन लाख वाचतील; त्याचे मात्र दोन्हीकडून मिळून आठ हजार बुडतील, वर आठ दिवस जातील. हा हिशेब अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही करता येईल. सौदा स्वस्त होण्यात दलालाचे हित नाही, सौदा लवकर होण्यात आहे. त्याला दुष्ट ठरवण्याचे कारण नाही. त्याच्या जागी तुम्ही-आम्ही असतो तरी हेच केले असते.

याहून अंधारी वाट आहे ती 'नेट'ची. मालक दलालाला सांगतो, "मला पस्तीस नेट द्या, वरचे तुमचे." दलाल तुम्हाला चाळीस सांगतो. वर तुमच्याकडून दोन टक्केही घेतो, आणि भाव तोडल्याचा आव आणून एकोणचाळीसवर आणतो तेव्हा तुम्ही त्याला चहा पाजता! कधी तो स्वतःच सौदा पावती करून थोडा बयाणा देतो आणि तोच प्लॉट तुम्हाला विकतो. मालक म्हणून समोर बसलेला माणूस त्याचाच असतो. १८७२ च्या भारतीय करार कायद्याने ही वाट कधीच अडवलेली आहे. आपल्या मालकाला न सांगता एजंटाने त्याच्या कामात स्वतःसाठी व्यवहार केला आणि महत्त्वाची गोष्ट लपवली तर मालकाला तो व्यवहार नाकारता येतो, असे कलम २१५ सांगते. आणि अशा व्यवहारातून एजंटाला झालेला फायदा मागून घेता येतो, असे कलम २१६. दीडशे वर्षे हा कायदा आहे. पण त्याचा उपयोग करायचा तर तो तुमचा एजंट होता हे आधी सिद्ध झाले पाहिजे, आणि आपल्याकडे सगळा मामला तोंडी. तुम्ही त्याला आपला समजता, मालक आपला समजतो, आणि तो फक्त स्वतःचा असतो.

माझ्या परिचयातील एका निवृत्त प्राथमिक शिक्षकांची हकिकत सांगतो. त्यांनी शहराच्या कडेला प्लॉट घेतला. दलाल गावाकडचाच, गोड बोलणारा. "गुरुजी, पेपर एकदम क्लिअर आहेत." वकीलही त्यानेच आणला, कागद लिहिणाराही त्यानेच आणला, त्यामुळे गुरुजींना सोयीचे वाटले. सातबारावर 'भोगवटादार वर्ग २' असे स्पष्ट छापलेले होते. अशी जमीन सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. ते तीन शब्द त्या खोलीतल्या पाच माणसांपैकी किमान दोघांनी वाचले असणारच. गुरुजींना सांगण्यात आले की परवानगी दोन महिन्यांत येते आहे, तोवर नोटरीपुढे सौदा पावती आणि मुखत्यारपत्र करून ठेवू. पूर्ण रक्कम दिली गेली. अशा मुखत्यारपत्राने आणि साठेखताने मालकी येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये 'सूरज लॅम्प' प्रकरणात निःसंदिग्धपणे सांगितलेले आहे. परवानगी चार वर्षे झाली तरी आलेली नाही. गुरुजी जाब विचारायला गेले तेव्हा दलाल म्हणाला, "गुरुजी, मी तर फक्त जागा दाखवली."

हे वाक्य प्रत्येक खरेदीदाराने नीट ऐकून ठेवावे. कमिशन घेताना दलाल सर्वेसर्वा असतो आणि खटका उडाला की नुसता वाट दाखवणारा होतो. म्हणजे शब्दाच्या मूळ अरबी अर्थाकडे परत जातो! तर मग आपणही त्याला सुरुवातीपासून तेवढाच मानावा. त्याने जागा दाखवावी. त्या कामाचे मोल आहे, ते द्यावे. जागेच्या कागदांविषयी त्याचा शब्द घेऊ नये, आणि त्याने आणलेला वकील तर मुळीच घेऊ नये.

"आता रेरा आहे ना!" असे कोणी म्हणेल. आहे, आणि चांगला आहे. २०१६ चा हा कायदा १ मे २०१७ पासून पूर्णपणे लागू झाला. नोंदणीकृत प्रकल्पातले घर किंवा प्लॉट विकून देणाऱ्या एजंटाने स्वतःची नोंदणी केलीच पाहिजे, हिशेब ठेवले पाहिजेत; नोंदणी न करता धंदा केला तर रोज दहा हजार रुपये दंड, तो वाढत जाऊन मालमत्तेच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत. महारेराने २०२३ पासून एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षाही लावली. पण 'प्रकल्पातले' हा शब्द सोडू नका. पाचशे चौरस मीटरपर्यंतची जमीन, किंवा आठपर्यंत सदनिका असलेली इमारत यांना नोंदणी लागत नाही. मुंबई-पुण्याच्या वीस मजली इमारतींकडे पाहून केलेला हा नियम आमच्याकडच्या ट्विन बंगल्याला, चार रो-हाऊसच्या ओळीला, सहा फ्लॅटच्या अपार्टमेंटला कुठून लागू होणार? आणि जुने घर पुन्हा विकले जाते तेव्हाचा दलाल या कायद्यात साधारणपणे येतच नाही. जळगाव-धुळ्यातल्या सामान्य माणसाचा व्यवहार बहुधा याच दोन फटींतून होतो.

अमेरिकेतसुद्धा हा प्रश्न सुटलेला नव्हता, हे वाचून मला गंमत वाटली. तेथे घेणाऱ्याचा एजंट निराळा असतो, पण त्याचे कमिशन वर्षानुवर्षे विकणाऱ्याच्या रकमेतून जात असे. २०२३ मध्ये मिसूरी राज्यातल्या ज्यूरीने या रिवाजाविरुद्ध निकाल दिला, पुढच्या वर्षी एजंटांच्या राष्ट्रीय संघटनेने तडजोड केली, आणि १७ ऑगस्ट २०२४ पासून एजंटाबरोबर घर पाहायला जाण्यापूर्वीच त्याच्याशी लेखी करार करावा लागतो: किती देणार, कशासाठी देणार. एवढ्या श्रीमंत देशाला हे सुचायला २०२४ साल उजाडले. आपल्याला त्यासाठी कोर्टात जाण्याचीही गरज नाही. वहीचे एक पान पुरते. दलाल कोणाच्या वतीने काम करतो, मालकाकडून काही घेणार आहे का, टक्के किती, आणि ते खरेदीखत नोंदवले गेल्याच्या दिवशी चेकने मिळतील. खाली दोघांच्या सह्या.

बाकीचे पाय आपलेच झिजवायला हवेत. वकील आपण शोधावा, शक्यतो दलालाशी ज्याचे नमस्कारापुरतेही नाते नाही असा. दुय्यम निबंधक कार्यालयातला तीस वर्षांचा शोध, बिनशेतीचा आदेश, मंजूर रेखांकन, शहर भूमापनात असेल तर मालमत्ता पत्रक, घरपट्टीची बाकी. दैनिकात जाहीर नोटीस द्यावी. जमीन मुळात आदिवासी खातेदाराची असेल तर महसूल अधिनियमाचे कलम ३६-अ डोळ्यांपुढे ठेवावे. धुळे जिल्ह्यात हा प्रश्न पुस्तकी नाही, आणि त्या कलमामागे कोणाकोणाच्या जमिनी कशा गेल्या याचा इतिहास आहे. आणि खरेदीखत नोंदवले म्हणजे सरकारने मालकीची हमी दिली, हा गोड गैरसमज सोडून द्यावा. निबंधक दस्त नोंदवतो. विकणारा खरा मालक आहे की नाही याची जबाबदारी तो घेत नाही.

इतिहासाच्या विद्यार्थ्यांना तर हे काम आवडायला हवे. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ साली धुळ्यात निवर्तले. जन्मभर त्यांनी दारोदार हिंडून लोकांची दप्तरे धुंडाळली. कागद कोणी लिहिला, कधी लिहिला, त्यात कोणाचा फायदा होता, हे प्रश्न आपण वर्गात बखरींना विचारतो. तेच प्रश्न फेरफाराच्या नोंदींना विचारावे. अमुक साली वारस पाच होते आणि पुढच्या नोंदीत चारच कसे, हे ज्याला खटकले त्याने आपल्या बापाची जन्माची कमाई वाचवली असे समजावे.

शिवाय जी माहिती कोणत्याच कागदावर नसते ती घरच्या बायकांनी आणावी. १ एप्रिल २०२१ पासून घर स्त्रीच्या नावावर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते, म्हणून खरेदीखतावर तिचे नाव लागते. पण घर पाहायला तिला नेतात का? नळाला पाणी किती दिवसांआड येते, पावसाळ्यात गल्लीत गुडघाभर साचते का, रात्री कोपऱ्यावर कोण उभे असते, हे दलाल सांगणार नाही. शेजारच्या वहिनी पाच मिनिटांत सांगतील.

एक बाजू राहिली, ती दलालाची. लेखी पानाचा आग्रह मी धरतो तो त्याच्याही भल्यासाठी. धुळ्यातल्या एका वयस्क दलालाशी माझे बोलणे झाले होते. तीन महिने त्याने एका कुटुंबाला आपल्या मोटारसायकलवरून अकरा घरे दाखवली, किल्ल्या मागून आणल्या, उन्हातान्हात ताटकळला. अकरावे घर पसंत पडले. मग घेणारे आणि मालक परस्पर भेटले, दलालाचे टक्के दोघांनी वाटून घ्यायचे ठरवले, आणि त्याला कळले तेव्हा नोंदणी होऊन पंधरा दिवस झाले होते. कज्जा करायला हातात कागद नव्हता. पेट्रोलचे पैसे मागायला तो त्यांच्या वास्तुशांतीच्या दिवशी गेला, तेव्हा त्याला जेवून जायला सांगण्यात आले.